सोसतंय का?

चिकलठाण्याच्या कारखान्यात पत्रे बदलताना माझा मोठा भाऊ शेडवरून पाठीवर पडला. कमरेखालची जाणीव तिथंच गेली. ऑपरेशननंतर दोन महिन्यांनी घरी आणला, तेव्हा त्याचे पाय कुणीतरी आणून ठेवल्यासारखे पलंगावर पडलेले असायचे. चिमटा काढला तरी त्याला पत्ता नसायचा.

एका सकाळी आई त्याची चादर ओढत होती आणि डावा पाय टुणकन उडाला.

मी अनवाणीच एसटीडी बूथवर पळालो. लासूरला फोन, वैजापूरला फोन. ‘दादाचा पाय हलला.’ घरात सायन्स घेतलेला मी एकटाच, तोही बारावीला एकदा आपटलेला. त्यामुळं निदानाचं खातं आपसूक माझ्याकडं होतं.

पाहुणे आले. मोसंबी, बिस्किटांचे पुडे, आणि प्रत्येकाला तळपायाला बोट लावून बघायचंच. पाय उडायचा.

“तूच हलवलास ना?” मी विचारायचो.

“मी नाय. त्याचा तोच हलला,” दादा म्हणायचा. मला वाटायचं, थट्टा करतोय.

ज्या दिवशी पाय कमी उडायचा, त्या दिवशी मी परत परत बोट लावून बघायचो. आलेला जीव परत गेला तर? वैजापूरची आत्या मुक्कामाला होती. ती म्हणाली, “नसा आखडल्यात त्याच्या. विटकरीचा शेक दे.” मी वीट तापवली, जुन्या धोतरात गुंडाळली आणि टाचेखाली ठेवली. आमच्या घरात शेक देणाऱ्यानं विचारायचं आणि घेणाऱ्यानं सांगायचं, अशी रीत. आजोबांच्या गुडघ्यांपासून चालत आलेली.

“सोसतंय का?”

“सोसतंय,” दादा म्हणाला.

पाय ताडताड उडायला लागला. मला काय आनंद. दुसऱ्या दिवशी धोतराचा एक पदर कमी केला. तिसऱ्या दिवशी दोन्ही पाय आखडून पोटाशी यायला लागले, तसं मी आत्याला हाक मारली, “या, बघा, गुण आला.”

दादाच्या पायातला मोजा आईनं काढला. टाचेला लिंबाएवढा फोड, आणि भोवतीची कातडी पांढरी पडलेली. दादा आमच्या तोंडाकडं बघत होता. त्याला वाटलं, आम्हाला काहीतरी चांगलं दिसलंय.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी टाच बघितली, मग मला बघितलं. “पायाकडून खबर निघते, पण पाठीत जिथं मार लागलाय त्याच्या वर जात नाही. तिथंच खाली तिचा निकाल लागतो आणि पाय उडतो. मेंदूला कळतच नाही. शिवाय खालच्या नसांना वरून आवरणारं आता कुणी नाही. त्यामुळं त्या हळव्या झाल्यात, चादर लागली तरी दचकतात.”

“म्हणजे पायात जीव येत नव्हता?”

“भाजत होतं, म्हणून उडत होता.” त्या पट्टी बांधत राहिल्या. “यापुढं जास्त उडायला लागला तर पेढे वाटू नका. शोधा. नख रुतलं असेल, लघवी तुंबली असेल, कुठं जखम असेल. आणि ही टाच सांभाळा. चिघळली तर हाडापर्यंत जाईल.”

रिक्षात मी दादाला म्हणालो, “कळत नव्हतं तर सोसतंय कशाला म्हणालास?”

तो बाहेर बघत म्हणाला, “वैजापूरहून लोक आले होते. आणि तू सायन्सचा. मला वाटलं, मला कळत नसलं तरी तुला दिसतंय, तर असेल काहीतरी.”

संध्याकाळी त्याच बूथवरून सगळ्यांना उलटा फोन केला. या वेळी चप्पल घालून गेलो.

टाच भरायला पाच महिने लागले. ते पाच महिने मी रोज सकाळी दाढीचा आरसा घेऊन त्याच्या पायांखाली डोकं घालायचो. पाय नेहमीपेक्षा जरा जास्त उडाला की मी चादर उलटीपालटी करायचो, नखं तपासायचो, लघवीची नळी बघायचो. एकदा नुसती बिस्किटाची कपची सापडली. तिच्यासाठी दोन तास घाम गाळला होता.

आजही त्याच्या आंघोळीचं पाणी मीच बघतो. कोपर बुडवून उभा राहतो. दादा खुर्चीतून विचारतो, “सोसतंय का?”

मी लगेच उत्तर देत नाही. आधी थोडं गार पाणी ओततो.