चार सेन्सर, एक बादली

"मशीन ठीक आहे अशी सही करा मॅडम, म्हणजे मी याला घरी पाठवतो," प्लांटचे मॅनेजर म्हणाले.

हा म्हणजे पंडित आहिरे, कांदा वाळवायच्या ड्रायरवरचा ऑपरेटर. तो तिथेच उभा होता. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नाशिकला सातपूरच्या एका छोट्या कंपनीत मी इंजिनिअर होते आणि देवळ्याजवळच्या या प्लांटला आमचा कंट्रोलर बसवला होता. ड्रायरच्या चार कप्प्यांत चार सेन्सर. तापमान वाढलं की वाफेचा व्हॉल्व्ह आपोआप बंद होणार. पण दोन नंबरच्या कप्प्यात कांदा करपायला लागला आणि आहिरेने व्हॉल्व्ह हाताने फिरवून बंद केला. ऑटोमॅटिक मशीनला हात लावायचा नाही, असा नियम होता. मॅनेजरच्या मते माल त्यानेच घालवला.

"डिस्प्लेवर आकडा बरोबर होता ना?" मी विचारलं.

"व्हता बाई. पण त्या कप्प्याच्या दाराला हात लावता येत नव्हता. मना हात खोटा नही शे." माझा हात खोटा नाही, असं तो अहिराणीत म्हणाला.

मी नेहमीची टेस्ट केली. गरम पाण्याच्या बादलीत चारही सेन्सर बुडवले. चारही आकडे सारखे आले. फॅक्टरीतही आम्ही असंच तपासायचो. सेन्सर परत बसवून ड्रायर चालू केला. मॅनेजरांनी पेन पुढे केलं.

"सही करा," आहिरे म्हणाला, "पण आधी त्या दाराला हात लावा."

मला रागच आला. तरी गेले, हात लावला आणि झटकन मागे घेतला. डिस्प्लेवर आकडा मात्र बरोबरच होता, म्हणजे डिस्प्ले खोटं बोलत होता.

मग डोकं चाललं. पहिल्या कप्प्यात ताजा, ओला कांदा, म्हणजे तो थंड. दुसरा गरम. बादलीत मात्र सगळेच सारखे. मी सेन्सर पुन्हा बादलीत बुडवले आणि एक नंबरचा काढून माठातल्या पाण्यात घातला. दोन नंबरचा सेन्सर गरम पाण्यातच होता, तरी त्याचा आकडा घसरला.

मी बॅगेतून प्रोग्रॅमचं जुनं प्रिंटआउट काढलं. सेन्सरकडून आकडा आणणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला आम्ही ड्रायव्हर म्हणायचो. सेन्सर चार, पण मोजणारं सर्किट एकच. ते एका सेन्सरवरून दुसऱ्यावर गेलं की आधीच्याचा थोडा अंश त्यात उरतो. म्हणून पहिला आकडा टाकून द्यायचा आणि लगेच दुसरा घ्यायचा. प्रिंटआउटवर तसं होतंही. शेजारी कॉमेंट, म्हणजे माणसांसाठी लिहिलेली टीप: 'दोनदा वाचा.' खाली माझीच आद्याक्षरं. दोनदा का वाचायचं, ते नाही. दोन वर्षांनी प्रोग्रॅम साठवायच्या चिपमध्ये जागा कमी पडली, तेव्हा दुसऱ्यांदा वाचायची ती ओळ मीच फालतू समजून उडवली होती.

मॅनेजरांच्या टेबलावरून मी सातपूरला आमच्या साहेबांना फोन लावला.

"चिप खराब होती म्हणा. बदलून द्या आणि निघा."

"चिप चांगली आहे सर. प्रोग्रॅम चुकलाय. मी चुकलेय."

"मॅडम, तो ऑपरेटर आपला कोण लागतो?"

आहिरे दारातच उभा होता. माझा हात अजून चुरचुरत होता.

"त्याने व्हॉल्व्ह बंद केला नसता तर सगळाच माल गेला असता सर. मी तसंच लिहून देणार आहे."

फोन आपटल्याचा आवाज आला. मी रिपोर्ट लिहिला आणि खाली सही केली. मॅनेजरांनी तो दोनदा वाचला आणि आहिरेला म्हणाले, "जा, ड्यूटीवर जा." पुढे बरेच महिने साहेब माझ्याशी बोलत नव्हते.

सातपूरला येऊन मी ती ओळ परत घातली. शेजारी लिहिलं: 'पहिल्या आकड्यात आधीच्या सेन्सरचा अंश असतो, तो टाकून द्या. ही ओळ काढण्याआधी चार सेन्सर चार वेगळ्या पाण्यांत बुडवून बघा.'

कॉमेंट चिपमध्ये जात नाही, कागदावरच राहते. म्हणजे कारण लिहायला पहिल्या दिवशीही जागा लागणार नव्हती. मी कंटाळा केला होता, आणि घरी आहिरे जाणार होता.