सकाळ-दुपारची वही

आमच्या मफ्रकच्या शाळेत बाक एक, मुली दोन. सकाळी आमच्या जॉर्डनच्या, दुपारी सीरियातून आलेल्या. दोघींची गाठ पडू नये म्हणून मध्ये वीस मिनिटं फाटक बंद. हे कुणाच्या डोक्यातून निघालं ते विचारू नका, माझं डोकं फिरतं.

मिस सुहैर दोन्ही वर्गांना विज्ञान शिकवायची. दुपारचा तास जेमतेम अर्धा, त्यात हजेरी घ्यायची की शिकवायचं? मग ती धडा फोनवर रेकॉर्ड करून मुलींना घरी बघायला लावायची आणि वर्गात नुसते प्रश्न आणि प्रयोग. नोंदी एका ऑनलाइन वहीत. वही मात्र दोन्ही वर्गांना मिळून एकच.

मी गणिताची, यझनची आई म्हणून शाळेत सगळ्यांची उम्म यझन. तिला म्हटलं, "कशाला नसता उपद्व्याप करतेस? सकाळच्या मुलींच्या आया बोंब मारतील."

"मारू देत, उम्म यझन. मुलींना तरी एकमेकींची नावं कळू देत."

नळाला पाणी आठवड्यातून एकदा. मुलींनी रोज आपापल्या घराच्या गच्चीवर चढून टाकीतलं पाणी मोजायचं आणि आकडे वहीत भरायचे, हा प्रयोग. सकाळच्या तुलीनने आळशीपणाने अंदाजपंचे आकडे ठोकून दिले. दुपारच्या बतूलने खाली लिहिलं, "तुमची टाकी गुरुवारी आपोआप भरली का गं?"

तुलीनचं उत्तर, "आमच्या गच्चीवर जिन्न राहतो. तो भरतो."

"मग त्याला आमच्याकडे पाठव. आम्ही तीन बिऱ्हाडं एका टाकीवर आहोत."

तिथून दोघींची जी जुंपली ती चार महिने. एकीने लिहायचं, दुसरीने खोडायचं. कुठल्या घराला पाणी किती दिवस पुरेल याचा हिशेब बतूलने बसवला, तोही बिनचूक. मी तपासला ना. समोरासमोर त्या एकदाही भेटल्या नाहीत. सुहैर स्टाफरूममध्ये त्यांची भांडणं वाचून दाखवायची आणि वाचता वाचता हसत सुटायची. एकोणीस वर्षांत मी तिला इतकी खूश पाहिली नव्हती.

मग जिल्ह्याची स्पर्धा आली. सुहैरने अर्जावर पाच नावं घातली, पहिलं बतूलचं. मुख्याध्यापिकेने अर्ज परत केला. "मिस सुहैर, सकाळच्या पालकांना मी काय तोंड दाखवू? दुपारची नावं काढा."

"काम तिचं आहे. कुणी काय लिहिलं ते वहीत दिसतं."

"मग नवी वही करा आणि त्यात सगळं उतरवून घ्या. नाहीतर दुपारच्या वर्गाचे फोनवरचे धडे उद्यापासून बंद."

सुहैर तीन दिवस अडून बसली. चौथ्या दिवशी मीच तिला समजवायला गेले. मीच. म्हटलं, "अगं, नावाचं काय घेऊन बसलीस? फोनवरचे धडे गेले तर त्या तीस मुली शिकणार कशा?" तिने माझ्याकडे पाहिलं आणि संगणक उघडला. बतूलचे आकडे तिने स्वतः तुलीनच्या नावावर उतरवले, एकेक करून, माझ्यादेखत.

शाळेला ढाल मिळाली. सकाळच्या पाच मुलींच्या नावांचा कागद वर्गाच्या भिंतीवर लागला, आणि त्याच वर्गात दुपारी बतूल बसते. तिने तो वाचला. तास संपल्यावर सुहैरजवळ येऊन विचारलं, "मिस, माझं काही चुकलं होतं का?"

"नाही गं."

बतूलने मान हलवली आणि दप्तर उचललं.

पुढच्या आठवड्यात नवा प्रयोग सुरू झाला. बतूलने तक्ता सगळ्यांआधी भरला, नेहमीसारखा नेटका. नावाच्या रकान्यात मात्र तुलीनचं नाव होतं. सुहैरने तिला बोलावून विचारलं, "हे काय?"

"आधीच घातलं, मिस," बतूल म्हणाली. "नंतर तुम्हाला परत सगळं उतरवून काढायला नको."