कोऱ्या कापडातली गाठ

तागा परत आला, तोही एका शब्दात निकाल लागून. विणकर सोसायटीच्या दुकानातल्या साहेबांनी टाचलेल्या चिठ्ठीवर इंग्रजीत खरडलं होतं : ड्रॅब. बाकी वीण कशी, वजन किती, अवाक्षर नाही.

गल्ली जिला कोरी मावशी म्हणते, ती चाळीस वर्षं हातमागावर बिनरंगाची लोकर विणत आली. या खेपेला माल दुकानात लागला नाही, तर सोसायटीच्या शेडमधली तिच्या मागाची जागा दुसऱ्याला जाणार होती.

“पोरी, काय म्हणतोय गं हा साहेब?” तिनं भाचीला विचारलं.

“भकास. कंटाळवाणं.” भाची चाचरली. “रंगारी सोमवारपर्यंत लाल करून देतो म्हणतोय. ऐक ना, मावशी.”

“त्याला म्हणावं, आधी स्वतःची मिशी रंगव!”

तोंडानं म्हणाली खरी, पण शब्द सलत होता. दुपारी भाचीला धरून तिनं वाचनालय गाठलं, जाडजूड कोश उघडायला लावला. शब्द बहुधा फ्रेंचातून आलेला. आधी अर्थ नुसता कापड. मग न रंगवलेलं कापड. मग त्याचा मातकट रंग. ‘भकास’ अगदी शेवटी चिकटलेलं.

“म्हणजे कापड होतं तसंच राहिलं,” मावशी म्हणाली, “बघणाऱ्यांचे डोळे तेवढे रंगाला सोकावले.”

गरिबाच्या अंगावर जे असतं, त्याच्या नावाची शिवी व्हायला वेळ लागत नाही.

सोमवारी तिनं तागा साहेबांच्या टेबलावर आपटला. “रंगात गाठी बुडतात, साहेब. इथं बुडायला जागा नाही. एक तरी शोधून दाखवा.”

साहेब खिडकीशी गेले. चष्मा सरसावला, हातभर हातभर कापड बोटांखालून सरकवलं.

“ही बघा. सापडली!”

मावशीचा चेहरा उतरला. भाचीनं मान खाली घातली.

“सापडली ना?” मावशीचा आवाज जरा बसला होता. “आता फळीवरच्या त्या लाल ताग्यातली शोधा.”

साहेबांनी लाल तागा उजेडात धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला; गाठ आहे की नाही, रंगात काही कळेना, तेव्हा ठेवून दिला. मग ‘ड्रॅब’ची चिठ्ठी काढून टाकली, मावशीच्या ताग्यावर शिक्का मारला.

जागा राहिली. भाची वाटभर नाचत होती, मावशीच्या डोळ्यांपुढे मात्र ती सापडलेली गाठच होती. दुसऱ्या दिवशी ती सुई घेऊन दुकानात गेली, गिऱ्हाइकांदेखत ती गाठ उकलली, धागा विणीत मुरवला आणि साहेबांकडे न बघता म्हणाली, “आता शोधा.”