हास्य क्लबातली फूट

रोज पहाटे ठरवून हसायला जमणाऱ्या माणसांचे किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते आपोआप साठतात! घरचे म्हणतात, “क्लब सोडून दुसरं काही बोला.” पण वारज्याच्या बागेत झालेलं युद्ध सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

आमच्या हास्य क्लबाचे अध्यक्ष आपटेकाका. एका वर्षी सगळ्यांनी त्यांच्याऐवजी अध्यक्ष निवडलं ते थेट आपटेकाकूंना! काका ताडकन उठले, चार माणसं फोडली आणि बागेच्या दुसऱ्या टोकाला, आंब्याखाली, स्वतंत्र क्लब काढला. त्या चारांत मी होतो. काका माझे शेजारी, नाही म्हणायची सोय नव्हती.

* * *

पहिल्याच दिवशी काकांनी डावपेच सांगितले.

“आपल्याला जिंकायचं नाहीये, फक्त टिकायचंय. ते कंटाळले की आपण जिंकलो!”

“आणि आपणच आधी कंटाळलो तर?” मी विचारलं.

“तुम्ही हसायला आलात की प्रश्न विचारायला?”

* * *

काकांचं मोठं अस्त्र म्हणजे थर्मास. क्लबाचा आल्याचा चहा पहिल्यापासून तेच आणायचे. “त्यांचा चहा बंद! आठवड्यात शरण येतात की नाही बघा.”

दुसऱ्या दिवशी थर्मासमधून कोमट पाणी निघालं. चहा रोज करायच्या काकू, हे आमचे सेनापती विसरलेच होते! वर पलीकडून उपम्याचा वास यायला लागला.

“कोमट पाणी प्रकृतीला चांगलं,” काका म्हणाले.

* * *

मग बाहेरून मान्यता मिळवायचं ठरलं. मला स्कूटरवर मागे बसवून काका येरवड्याच्या हास्य क्लबात गेले. तिथल्या अध्यक्षांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“देऊ की मान्यता. पण कुठल्या गटाची हवीय? आमच्यातही दोन आहेत.”

परतताना काका हळूच म्हणाले, “जगाचं जाऊ द्या हो. हिनं एकदा माझा क्लब मानला ना, की मी जिंकलो.” घरात दोघांचं बोलणं बंद होतं. मला फार वाईट वाटलं.

* * *

पलीकडचे हसले की आपण हसायचं नाही, असा काकांचा हुकूम होता. ते तिकडे खदाखदा हसायचे आणि आम्ही इकडे गाल चावत उभे!

फिरायला आलेले एक गृहस्थ थबकले. “शोकसभा आहे का?”

“हास्य क्लब आहे,” काका खेकसले. “दिसत नाही?”

* * *

हळूहळू आमची फौज उपम्याकडे गेली. उरलो काका आणि मी. एका सकाळी काका हात वर करून जोरात हसले आणि तोंडाचं नुसतं बोळकं दिसलं. घाईत कवळी घरीच राहिली होती!

पलीकडचं हसणं थांबलं. काकू तरातरा बाग ओलांडून आल्या आणि पिशवीतून डबी काढली.

“अहो, दात.”

काकांनी आंब्याकडे तोंड करून दात बसवले. घसा खाकरला.

“ही मान्यता समजायची का?”

“समजा,” काकू म्हणाल्या. “आणि येताना दूध जास्त आणा. उद्या दोन्ही क्लबांना चहा लागेल.”