पाठवणीपुरती ताकद

समोरचा माणूस मूर्खासारखं बोलला की आमच्या घरमालकीण काकी खालचा ओठ डावीकडे जरासा ओढायच्या. बस्स, तेवढ्यात त्याचा निकाल लागायचा. मी एकदा विचारलं, "काकी, तुम्ही सरळ भांडत का नाही?"

"भांडायला जोर लागतो रं. तोंड वाकडं करायला काय लागतं?"

नवी मुंबईतल्या शिरवणे गावात त्यांच्या शेजारच्या खोलीत मी पाच वर्षं भाड्यानं राहिलो. आता मी खारघरला असतो, आणि त्या जाऊनही दीड वर्ष झालं. त्यांना लुपस होता. शरीराची राखण करणारी ताकदच शरीरावर उलटते, तसला आजार. सांधे दुखायचेच, पण खरा छळ थकव्याचा. डोक्यावरून आंघोळ केली की केस पुसायला हात वर जात नसे. बाहेरून मात्र काहीच दिसत नसे. सुरुवातीला मीही त्यांना आळशीच समजलो. दुपारी बाराला दार लावून पडणारी बाई!

हळूहळू त्यांची शिस्त कळली. केस धुतले त्या दिवशी स्वयंपाक नाही. दवाखान्याच्या आदल्या दिवशी कुणाशी बोलणं नाही. भाजी चिरणं, कपडे धुणं, देवपूजा, सगळं बसून.

सल्ले देणाऱ्यांची रीघ असायची. कुणी गुळवेल आणायचं, कुणी कोरफड. वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ एकदा म्हणाले, "काकी, टेन्शन नका घेऊ. पॉझिटिव्ह राहा. अहो, आम्हीपण थकतोच की!"

ओठ डावीकडे गेला. "तू थकतोस नि झोपतोस. मी झोपून उठते ती थकूनच. जा आता."

मग मुलीचं लग्न ठरलं. नवरा नसलेल्या काकींची ती एकुलती एक. आगरी घरातली हळद म्हणजे अख्खं गाव दारात, मांडव, बँजो. संध्याकाळी काकींनी मुलीला पहिली हळद लावली, दहा मिनिटं बसल्या आणि मला म्हणाल्या, "तुझी चावी दे. माझ्या घरात पडायला जागा नाय."

त्या माझ्या खाटेवर झोपल्या. मी दाराबाहेर राखणीला बसलो. थोड्या वेळानं त्यांची नणंद तरातरा आली. अंगावर ठेवणीतली साडी, हातात हळदीची वाटी.

"पोरीची हलद चाललेय नि आई झोपलेय! मानसं काय म्हनतील?"

"आत्या, तो आजारच असा आहे की..." मी सुरू केलं.

आतून आवाज आला, "दार लाव रं. तिला कललं तरी ती हलायची नाय."

नणंद गेल्यावर मी पाणी घेऊन आत गेलो. राहवलं नाही म्हणून विचारलं, "मुलीला वाईट नाही वाटणार?"

काकी दोन घोट पाणी प्यायल्या. "वाटल ना. पन हलदीला सगला गाव हाय. उद्या गाडीत बसताना ती मागं वलून मनाच बघल, आईला. तवा मी उभी पायजे. दोन्ही व्हायचं नाय."

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये त्या सगळा वेळ खुर्चीत बसून होत्या. आहेर कुणी आणले, जेवायचं कोण राहिलं, कशाकडे लक्ष नाही. पाठवणीला उठल्या आणि हातातली काठी माझ्याकडे दिली. मुलगी गळ्यात पडून रडली. काकी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. "जा. पोचलीस की फोन कर."

गाडी सुरू झाली. मुलीनं मागच्या काचेतून वळून पाहिलं. काकी ताठ उभ्या होत्या, हात वर करून.

"बघा," मागून नणंदेचा आवाज आला, चांगला सगळ्यांना ऐकू जाईल असा. "काल झोपली व्हती, आज बघा कशी उभी हाय. नाटकं सगली."

काकींनी मान वळवली नाही. "गेली का गाडी?"

"गेली."

"मग धर मना."

मी धरलं. सगळा भार एकदम माझ्यावर आला. दोघातिघांनी मिळून त्यांना रिक्षात बसवलं. नणंद तेव्हा फोटो काढून घेत होती.

पुढचे नऊ दिवस त्या अंथरुणातच होत्या. तिसऱ्या दिवशी मुलीचा फोन आला. त्यांना फोनही धरवत नव्हता, म्हणून मी तो कानाशी धरला.

"मी बरी हाय गो. तुझं सांग."

मुलगी सांगत सुटली: सासू, नवं घर, खिडकीतून दिसणारी खाडी. काकी डोळे मिटून ऐकत होत्या. माझा हात भरून आला. तो बदलला तेव्हा एखादा शब्द निसटला असावा, त्यांनी पटकन डोळे उघडले आणि म्हणाल्या, "काय म्हनलीस? परत सांग."