भाऊजींची उंच गाडी

माझ्या ताईला बस लागते. लागते म्हणजे अशी, की बस अजून जागेवर उभी असते आणि हिच्या पोटात ढवळायला सुरुवात झालेली असते. कारमध्येही तेच. लिंबू हुंगून झालं, गोळ्या घेऊन झाल्या, खिडकीची जागा धरून झाली. कशाचा म्हणून उपयोग नाही. तिला मानवते ती एकच जागा, भाऊजींच्या मोटारसायकलची मागची सीट. तिथे ती मांडीवर पिशवी घेऊन खुशाल बसते, वर गप्पाही मारते. त्यामुळे भाऊजींची गाडी जाईल तिथवर ताईचं जग, असा आमच्या घरचा हिशेब होता.

भाऊजी गाड्यांच्या सीटा शिवतात. बाजाराच्या मागच्या रस्त्यावर त्यांचं एका शटरचं दुकान आहे. आत रेक्झिनचे रोल उभे, फोमच्या लाद्या छतापर्यंत रचलेल्या आणि मध्ये एक जुनं दणकट शिलाई मशीन. सगळीकडे चिकटवायच्या सोल्यूशनचा वास. लोक त्यांना सीटमास्तर म्हणतात. त्यांचा एक नेम आहे. गिऱ्हाईक सीटवर बसवल्याशिवाय ते फोमला सुरी लावत नाहीत. माणसाला गाडीवर बसवायचं, हातात पेपर द्यायचा आणि आपण बाजूला कामात असल्यासारखं दाखवायचं. थोड्या वेळानं माणूस कंटाळतो आणि चुळबुळ करायला लागतो. तो कुठे सरकतो, ते भाऊजी बघून ठेवतात. "माणूस तोंडानं काहीही सांगतो हो, बूड खोटं बोलत नाही," असं त्यांचं म्हणणं.

त्यांची एकुलती एक लेक, म्हणजे माझी भाची, नर्स झाली आणि तिला नोकरी मिळाली ती डोंगरापलीकडच्या दवाखान्यात. राहायला दोन खोल्या मिळाल्या. पोरगी फोनवर सांगायची, खिडकीतून नदी दिसते, ओटा बुटका आहे, शेजारीण चांगली आहे. ताई ऐकायची आणि फोन ठेवल्यावर मला विचारायची, "बुटका म्हणजे किती बुटका गं? वाकून पाठ मोडेल तिची."

भाऊजींची तेव्हाची गाडी लहान होती. तिच्यावरून दोघं एकदा निघाली. अर्ध्या घाटात इंजिन तापलं. चढ आला की ताई खाली उतरायची, पिशवी डोक्यावर घेऊन चालायची आणि वळणावर पुन्हा बसायची. शेवटी गाडी हटूनच बसली. दोघं माघारी आली. ताई म्हणाली, "सुट्टीला येतेच की ती. आपण कशाला जायला हवं?" पण हे म्हणताना तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

त्यानंतर एक दिवस दाताचे एक डॉक्टर दुकानात आपल्या गाडीची सीट शिवून घ्यायला आले. लांबच्या प्रवासाची, डोंगरदऱ्यांत चालणारी ती गाडी होती. उंच, रुंद हँडलची, पुढे वाऱ्याला काच, मागे सामानाच्या पेट्या. डॉक्टरांचे गुडघे गेले होते. म्हणाले, "सीट चांगली करा मास्तर, विकायची आहे. बायको म्हणते, एक तर ही ठेवा नाहीतर मला."

"मग कुणाला ठेवलंत?" भाऊजींनी विचारलं.

"स्वयंपाक गाडीला येत नाही ना!"

डॉक्टर हसत निघून गेले. भाऊजी मात्र त्या सीटवर हात ठेवून उभेच राहिले. आठवड्याभरात लहान गाडी दुसऱ्याच्या घरी गेली आणि ही आमच्याकडे आली.

आता देवानं ताई आणि भाऊजींचा जोडा उंची बघूनच जमवलेला. दोघंही ठेंगणी. भाऊजी गाडीवर बसले की पाय लोंबकळत. समोरचा पंक्चरवाला तर टपूनच बसलेला. "मास्तर, शिडी आणू का? भाडं नको, आपलीच समजा!" पहिल्याच दिवशी गाडी दुकानासमोर आडवी झाली. उचलायला पंक्चरवालाच धावला, आणि हसता हसता त्याचाच जोर संपला.

भाऊजींनी मनावर घेतलं. दुसऱ्यांच्या इतक्या सीटा शिवल्या, स्वतःची का नाही जमणार? गाडी मेन स्टँडवर चढवली, पट्टी लावली, सुरी घेतली आणि पुढूनमागून फोम कापून सगळी सीट एका पातळीत आणली. ताटासारखी सपाट. वर काळं रेक्झिन, कडेला लाल धागा. दिसायला अशी देखणी, की पंक्चरवालाही गप्प झाला. भाऊजींचे दोन्ही पाय आता जमिनीला टेकत होते. मी विचारलं, "ताईला बसवून बघितलंत का?" तर म्हणाले, "घरचंच तर माणूस आहे. तिचं माप मला ठाऊक नाही होय?"

पोरीला फोन गेला. रविवारी येतोय. त्याआधी दोघं सरावाला म्हणून टेकडीपर्यंत जाऊन आली. मी ताईच्याच घरी बसले होते. गाडीचा आवाज आला म्हणून दार उघडलं, तर ताई माझ्याकडे न बघता आत गेली आणि मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत राहिली.

"काय झालं गं?"

"काही नाही. ऊन लागलं."

ऊन कुठलं, दिवसभर ढग होते. थोड्या वेळानं ती खाटेच्या कडेला येऊन बसली. हळूच म्हणाली, "त्यांना सांगू नकोस. मला गाडी लागली."

मोटारसायकलवर तिला कधी लागली नव्हती. ती एकच वाट उघडी होती. "पोरीला कळव, आईचं अंग दुखतंय म्हणून," ताई म्हणाली. "यांना वाईट वाटेल. किती हौसेनं घेतलीय." तिचा आवाज साधाच होता, पण पदराचं टोक ती बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती.

मी त्या दिवशी देवासमोर बसले तेव्हा काय मागावं हेच सुचेना. आईला एकदा लेकीची खोली दिसू दे, एवढंच म्हटलं. मग उठले आणि सरळ दुकानात गेले. ताईनं सांगू नकोस म्हटलं होतं खरं, पण अशा वेळी बहिणीचं ऐकायचं नसतं.

भाऊजींनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना आधी वाटलं, सीट टणक झाली असेल. त्यांनी मागच्या बाजूला मऊ फोमचा थर चढवला आणि ताईला फिरवून आणलं. ताई परत आली ती पुन्हा पांढरीफटक. आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. भाऊजी फूटपाथवरच बसले. सीट पुन्हा उघडलेली पंक्चरवाल्यानं पाहिली होती, पण कारण त्याला ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, "मास्तर, दिव्याखाली अंधार!"

मग भाऊजी उठले. ताईला म्हणाले, "उद्या दुकानात ये. गिऱ्हाईक म्हणून ये."

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई दुकानासमोर त्या गाडीवर बसली. पुढे भाऊजी बसले, कारण वजन दोघांचं पडायला हवं. गाडी मेन स्टँडवरून उतरवून चाकांवर उभी केली आणि दोन्ही बाजूंनी फोमच्या लाद्यांचा टेकू दिला. ताईला पेपर वाचायची सवय नाही, म्हणून मी तिच्या मांडीवर मटारच्या शेंगांची परात दिली. गाडीवर बसून मटार सोलणारी बाई बघायला रस्त्यावरचे दोघंतिघं थांबले. भाऊजींना आरशात तिचं जेमतेम तोंड दिसत होतं, म्हणून बघायचं काम माझ्याकडे.

"मेहुणीबाई, कुठे सरकतेय?"

"डावीकडे. मान पण डावीकडे काढतेय."

"आता?"

"आता उजवीकडे. पुन्हा डावीकडे."

"अगं, कुठे टोचतंय तुला? सांग तरी!"

"टोचत कुठेच नाही," ताई वैतागून म्हणाली. "मला रस्ता दिसत नाही. समोर नुसती तुमची पाठ आणि तुमचं हेल्मेट. खड्डा आला तो दणका बसल्यावर कळतो, वळण आलं ते वळल्यावर कळतं."

"तुला रस्ता कशाला बघायचाय? गाडी मी चालवतो ना?"

"तुम्ही? एवढी वर्षं खड्डे कोण दाखवतंय? तुम्ही दुकानांच्या पाट्या वाचता!"

रस्त्यावरची माणसं हसली. भाऊजी मात्र हसले नाहीत. ते आरशातून तिच्याकडे बघत राहिले. लहान गाडीवर तिच्या बाजूची सीट जरा उंच होती आणि ही त्यांच्या खांद्यावरून पुढे बघत बसायची. बसमध्ये समोर सीटची पाठ, कारमध्ये मोठ्या माणसांची डोकी. पुढचं दिसलं नाही की हिच्या पोटात कालवतं, आणि ती स्वतः ते कधी बोलली नव्हती, कारण तिलाही ते ठाऊक नव्हतं. आणि भाऊजींनी देखणी दिसावी म्हणून सगळी सीट एका पातळीत कापून टाकली होती.

"उतर," ते म्हणाले. "नाही, थांब. आधी माप."

मी तिच्या खाली एकेक फोमची पट्टी सरकवत गेले. "दिसतं?" "नाही." "आता?" "अर्धं." "आता?" मी वर बघितलं, तर ती भाऊजींच्या डोक्यावरून समोर रस्त्याच्या टोकापर्यंत बघत होती.

"त्या सायकलवाल्याला हॉर्न द्या," ती म्हणाली. "मध्येच वळणार बघा तो."

सायकलवाला मध्येच वळला.

सीट नव्यानं शिवली. पुढे सखल, मागे चांगली पायरीसारखी उंच. आता ती देखणी वगैरे राहिली नाही. उंटाला खोगीर घातल्यासारखी दिसते, असं पंक्चरवाला म्हणाला, पण रविवारी पहाटे दोन्ही चाकांत हवा त्यानंच भरून दिली आणि पैसे घेतले नाहीत. ताई पायदानावर चढून वर बसली. मी तिचा पदर नीट खोचला आणि मनातल्या मनात हात जोडले.

दिवसभर माझं कशात लक्ष नव्हतं. फोन आला तो दुपार कलल्यावर. ताईचाच.

"पोचलो गं. घाटात एकदा वाटलं होतं, होतंय की काय. मग वळण दिसलं आणि गेलं."

"पाणी प्यायलीस का? पाठ कशी आहे?"

"पाठीचं राहू दे. ओटा खरंच बुटका आहे बाई. आणि ही पोरगी चाकू-सुऱ्या कपबशीच्या कप्प्यात ठेवते. मी सगळं खाली काढलंय." मागून भाचीचा आवाज येत होता, "आई, आधी बस तरी!" आणि भांड्यांचा खणखणाट. "बरं, ठेवते. नदी खिडकीतून दिसते म्हणाली होती ना, ती इथून दिसत नाही. स्टुलावर चढावं लागतं. चढून बघते."