काळ्या अस्तरावरची गाणी

जव्हारच्या बाजारात कासमचाचांच्या शिलाईच्या दुकानाबाहेर काळ्या अस्तराचा एक तुकडा टांगलेला असे. रेडिओवर आठवड्याची गाजलेली गाणी क्रमाने लागली, की दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा कापडावर खुणा करायच्या खडूने त्यावर ती यादी लिहीत आणि प्रत्येक गाण्यापुढे आपला निकाल देत. 'उसवलेलं.' 'अस्तर नाही.' 'बटणं सतरा, काज एक नाही.' हा शेवटचा शेरा वाद्यं फार आणि चाल कमी असलेल्या गाण्याला. सत्तरचं दशक संपत आलं होतं, अशी गाणी वाढत होती आणि चाचांचा रागही. वर्षातून दोनतीन गाण्यांनाच 'मापाचं' मिळे.

लोक कापड द्यायला येत आणि भांडून जात. एकदा पोस्टातल्या कारकुनांनी विचारलं, की सगळ्या देशाला आवडलेलं गाणं तुम्हालाच का खुपतं. चाचा मशीन न थांबवता म्हणाले, "साहेब, सगळ्या देशाला एकाच मापाची पँट शिवतो. तुम्ही घालणार?"

मी सूर्यमाळकडच्या आदिवासी पाड्यावरची. जव्हारला मुलींच्या वसतिगृहात राहून अकरावीत शिकत होते. घरात अक्षर ओळखणारी मीच पहिली. आमचे गणवेश चाचा शिवत आणि माझ्या शिवणीत न सांगता चार बोटं कापड जास्त ठेवत. "वाढतेस तू. लागेल तसं सोडव," म्हणत. त्या चार बोटांवर मी एक गणवेश दोन वर्षं घातला. हे उपकार मला तेव्हा नीट कळलेही नव्हते.

त्या वर्षी एक जंगलातलं गाणं पहिल्या नंबरावर आलं. शहरातला नायक, शहरातली नायिका, आणि भोवती तोंडाला काळं फासून, डोक्यात पिसं खोवून 'हू हू' करणारी माणसं. ती माणसं म्हणजे आम्ही. चाचांनी सगळी यादी लिहिली आणि पहिल्या नंबरासमोर काहीच लिहिलं नाही. जागा तशीच काळी ठेवली.

आमच्या रेक्टरबाईंनी संमेलनासाठी नेमकं तेच गाणं निवडलं. मोठे पाहुणे येणार होते. "तुम्ही तर खऱ्याच आहात, शोभून दिसेल," असं बाई म्हणाल्या. आठ मुलींत माझं नाव आलं, तेव्हा मला आनंदच झाला. मी ते गाणं गुणगुणत, तपकिरी कापड आणि मासिकातलं एक चित्र घेऊन चाचांकडे गेले.

चाचांनी चित्र बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "तुझ्या पाड्यावर असं कोण नाचतं?"

मी म्हटलं, कोणी नाही.

"म्हणजे त्यांनी तुमची खोटी नक्कल केली, आणि आता तू त्या नकलेची नक्कल करणार. शाळा हेच शिकवते का, बेटी?"

मला झोंबलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणी मला पुढे उभं करत होतं. मी म्हणाले, "तुम्हाला शिलाई सांगितलीय चाचा, शिकवणी नाही."

त्यांनी कापडाची घडी केली, माझ्या हातात ठेवली आणि दुकानाची फळी ओढून घेतली.

बाईंनी दुसऱ्याकडून कपडे शिवून आणले. ते चित्रातल्यापेक्षाही वीतभर आखूड होते. काखेत उसवत होते. आम्ही तोंडाला काळं फासून नाचलो. पहिल्या रांगेतले पाहुणे हसत होते, आणि ते कौतुकाचं हसणं नव्हतं हे मला दुसऱ्या कडव्याला कळलं. तरी मी पूर्ण नाचले. नंतर तोंड धुऊन बापाजवळ गेले. तो सूर्यमाळहून माझा नाच पाहायला आला होता. मला म्हणाला, "तू कवा नाचशील? मघा ती कोनची मानसां व्हती गं?"

कानामागे काळं राहिलं होतं, ते त्याच्या नकळत तळहाताने पुसलं.

मंडपाच्या कडेला चाचा उभे होते. ते आता मला बोलणार, असं वाटलं, पण ते वळून निघून गेले. दुसऱ्या दिवशी मी स्वतःच दुकानात गेले. ते माझ्यावर रागावलेच नव्हते. स्वतःवर रागावले होते.

"मी शिवायला हवं होतं," ते म्हणाले. "घोट्यापर्यंत लांब, अस्तर लावून. बाई ओरडली असती, पण आदल्या दिवशी हातात दिलं असतं तर करणार काय होती? मी रागात फळी ओढली आणि तुम्हाला दुसऱ्याच्या कात्रीखाली दिलं."

त्यानंतर बाईंनी गणवेशांचं काम त्यांच्याकडे दिलं नाही. त्याबद्दल मी त्यांना एक शब्द बोलताना ऐकलं नाही. काळ्या अस्तरावरचे शेरे मात्र अधिक कडक झाले.

चाचा गेले तेव्हा मी नाशिकला बी.एड. करत होते. मला महिन्याने कळलं. पदवीचा कागद त्यांना दाखवायचा राहून गेला.

आता मी मोखाड्यात शिकवते. ते गाणं अजून लागतं आणि माझं डोकं अजून फिरतं. पण संमेलनाच्या समितीत मी दर वर्षी आपणहून नाव देते. यंदा एका सरांनी त्याच गाण्याची तबकडी आणली. मुलींना छान शोभेल, म्हणाले. मी उठून गेले नाही. मुलींना बोलावून सगळ्यांसमोर विचारलं, तुम्ही घरी काय नाचता? त्या आधी लाजल्या, मग म्हणाल्या, गौरीचा नाच. सरांचं तोंड उतरलं, ते उतरू दिलं.

चोळ्या मीच शिवल्या. प्रत्येक शिवणीत चार बोटं कापड सोडलं.